रॅपर्सची कुस्ती: 'डेफ जॅम' गेममधली मारामारी नेमकी चालते कशी?

औसा, निलंगा, लातूर हा पट्टा कुस्तीचा. गावची जत्रा म्हटली की पालखी आली, पाळणे आले, खेळण्यांची दुकानं आली आणि कुस्त्यांचा फडही आला. दोन पैलवान बराच वेळ एकमेकांचा अंदाज घेत राहतात. मग हलगी कडाडते, एक जण शड्डू ठोकतो, कडेचे लोक ओरडायला लागतात आणि थंड पडलेली लढत एकदम पेटते.

आता दुसरं दृश्य. न्यूयॉर्कमधला एक अंधारा क्लब. स्पीकरवर रॅप वाजतंय. गर्दीने गोल केलाय आणि मध्ये दोघं भिडलेत. एकाने दुसऱ्याची मान पकडली, उचललं आणि थेट गर्दीत फेकलं. गर्दीने त्याला धरून ठेवलं आणि पुन्हा मार खायला आत ढकललं. हे दृश्य आहे 'डेफ जॅम: फाईट फॉर एनवाय' या २००४ सालच्या व्हिडिओ गेममधलं.

या गेमला वीस वर्षं उलटून गेली, तरी मारामारीच्या उत्तम गेम्सची चर्चा निघाली की त्याचं नाव हमखास येतं. प्रसिद्ध रॅपर्सचे चेहरे हे त्याचं एक कारण. पण फक्त चेहऱ्यांवर गेम इतकी वर्षं लक्षात राहत नाही. त्याच्या लढाईच्या मुळाशी कुस्ती आहे आणि खरी मेख तिथेच आहे. मातीतली कुस्ती बघितलेल्या माणसाला हा गेम पटकन कळतो तो म्हणूनच.

डेफ जॅम म्हणजे काय?

डेफ जॅम ही अमेरिकेतली संगीत कंपनी. रिक रुबिन आणि रसेल सिमन्स या दोघांनी १९८४ मध्ये ती उभी केली. सुरुवातीचं ऑफिस म्हणजे न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वसतिगृहातली रुबिनची खोली. पुढे एलएल कूल जे, पब्लिक एनिमी, डीएमएक्स, मेथड मॅन, लुडाक्रिस अशा कलाकारांमुळे हे नाव हिप-हॉपच्या दुनियेत ब्रँड बनलं. २०२२ मध्ये डेफ जॅमची भारतीय शाखाही सुरू झाली.

२००३ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स म्हणजे 'ईए' या गेम कंपनीने डेफ जॅमचं नाव आणि कलाकार घेऊन 'डेफ जॅम व्हेंडेटा' हा गेम आणला. पुढच्याच वर्षी त्याचा दुसरा भाग आला, तोच 'फाईट फॉर एनवाय'. दुसऱ्या भागात साठहून अधिक पात्रं होती. स्नूप डॉग, बस्टा ऱ्हाइम्स, आइस-टी, फॅट जो, रेडमन, लिल किम अशा कलाकारांनी त्यात आपला चेहरा आणि आवाज दिला.

कथा साधी आहे. डी-मॉब नावाचा टोळीप्रमुख आणि क्रो नावाचा त्याचा प्रतिस्पर्धी शहरातल्या क्लबांवर ताबा मिळवण्यासाठी भांडतायत. क्रोची भूमिका स्नूप डॉगची. खेळणारा स्वतःचा एक पैलवान तयार करतो आणि डी-मॉबच्या बाजूने एकेक लढत जिंकत वर चढतो.

गेम बनवला कुणी?

गेम अमेरिकन रॅपचा असला तरी तो घडवण्यात मोठा हात होता एकेआय या जपानी कंपनीचा. जपानमध्ये व्यावसायिक कुस्ती अतिशय लोकप्रिय आहे आणि एकेआयची खासियत कुस्तीचेच गेम. 'निन्टेन्डो ६४' या मशीनसाठी त्यांनी केलेला 'डब्ल्यूडब्ल्यूएफ नो मर्सी' हा २००० सालचा गेम आजही कुस्तीच्या सर्वोत्तम गेम्समध्ये गणला जातो.

'व्हेंडेटा'मध्ये एकेआयने तीच कुस्तीची पद्धत वापरली. पैलवानांच्या जागी रॅपर आले, पण लढाईचा सांगाडा तोच राहिला. म्हणून पहिल्या भागात रिंग होती, प्रतिस्पर्ध्याची पाठ टेकवून जिंकण्याचा नियमही होता. दुसऱ्या भागात रिंगच्या पलीकडे क्लब, गल्ल्या आणि रेल्वे स्थानकं आली, मारामारी रस्त्यावरची वाटू लागली. पकडीचं गणित मात्र कुस्तीचंच राहिलं.

इतर फायटिंग गेमपेक्षा वेगळं काय?

'स्ट्रीट फायटर', 'टेकन' किंवा 'मॉर्टल कॉम्बॅट' भारतातल्या गेम पार्लरमध्ये अनेकांनी खेळलेत. या गेम्समध्ये अंतराला महत्त्व असतं. समोरच्यापासून किती लांब उभं राहायचं, ठोसा कधी मारायचा, बटणांचा कोणता क्रम वापरायचा, हे शिकावं लागतं. लांबलचक क्रम पाठ करणारा खेळाडू नवख्याला सहज लोळवतो.

'डेफ जॅम'मध्ये ठोसे-लाथा आहेतच, पण लढाईचा गाभा पकड आहे. आधी समोरच्याला धरायचं. पकड बसल्यावर दिशा आणि बटण मिळून पुढचा डाव ठरतो. बटण हलकं दाबलं तर साधी पकड, दाबून धरलं तर घट्ट पकड, हे एकेआयचं जुनं सूत्र. साधी पकड लवकर बसते, पण तिच्यातून निघणारे डाव किरकोळ असतात. घट्ट पकडीतून मोठी उचल-आपट करता येते, मात्र ती बसायला वेळ लागतो आणि तेवढ्यात समोरचा डाव उलटवू शकतो.

कुस्तीच्या भाषेत सांगायचं तर साधी पकड म्हणजे खडाखडी आणि घट्ट पकड म्हणजे कब्जा. फडातही पैलवान पहिल्या झटक्यात धोबीपछाड टाकायला जात नाही. आधी मनगट, मान, खांदा चाचपतो. समोरच्याचा तोल कुठे आहे ते बघतो. घाई करून पट काढायला गेला तर वरून दाबला जातो. 'डेफ जॅम'मध्ये नवशिका खेळाडू हीच चूक करतो. सतत घट्ट पकड मारत सुटतो आणि प्रत्येक वेळी उलटा आपटला जातो.

उलट डाव हा या पद्धतीचा दुसरा खांब. हल्ला होताना नेमक्या क्षणी बटण दाबलं तर समोरच्याचा डाव त्याच्यावरच उलटतो. त्यासाठी बटणांचे लांब क्रम पाठ नसले तरी चालतं, समोरचा काय करणार याचा अंदाज मात्र लागतो. त्यामुळे गेम शिकायला सोपा आणि जिंकायला अवघड बनतो. चौघं मित्र एका मशीनवर तासन्‌तास खेळू शकतात ते यामुळेच.

पाच शैली, पाच स्वभाव

दुसऱ्या भागातला सर्वात मोठा बदल म्हणजे लढण्याच्या पाच शैली. खेळणारा सुरुवातीला एक शैली निवडतो. पुढे लढती जिंकून पैसे मिळाले की व्यायामशाळेत जाऊन आणखी शिकतो. एका पात्राला जास्तीत जास्त तीन शैली एकत्र करता येतात.

स्ट्रीट फायटिंग: रस्त्यावरची हाणामारी. कसब कमी, ताकद जास्त. एक जोरदार ठोसा मारून लढत संपवणं ही या शैलीची ओळख.

किकबॉक्सिंग: वेगवान ठोसे, लाथा आणि जवळ धरून मारलेले गुडघे. सलग मारा करून समोरच्याला सावरूच द्यायचं नाही.

मार्शल आर्ट्स: उड्या आणि हवेतून येणाऱ्या लाथा. दिसायला सर्वात देखणी शैली.

रेसलिंग: उचलणं आणि आपटणं. एकेआयचा मूळ पिंड इथे सर्वात स्पष्ट दिसतो.

सबमिशन: हात, पाय किंवा मान पिरगाळून धरायची आणि समोरच्याला हार मान्य करायला लावायची. यात शरीराच्या एकेका भागावर ताण साठत जातो. एकच पाय पुन्हा पुन्हा पकडला तर तो भाग निकामी होतो आणि लढत संपते.

शैलींची जोडणी हा स्वतंत्र विचार आहे. रेसलिंगबरोबर सबमिशन घेतलं तर आपटल्यानंतर लगेच जमिनीवरची पकड घेता येते. स्ट्रीट फायटिंगबरोबर किकबॉक्सिंग घेतलं तर उभ्याने मारामारी भक्कम होते, पण जमिनीवरचा खेळ कच्चा राहतो. तालमीतही हाच प्रश्न असतो. एखादा पैलवान ढाकेवर पक्का असतो, एखाद्याचा हातखंडा पटावर असतो, एखाद्याची घिस्सा मारण्यात हुकूमत असते. सगळंच येणारा विरळा. स्वतःचा डाव ओळखून त्याभोवती लढत बांधावी लागते.

शड्डू ठोकण्याचे गुण

गेममध्ये तब्येतीच्या पट्टीशेजारी आणखी एक पट्टी असते. ती मार खाल्ल्याने कमी होते, चांगले डाव टाकल्याने वाढते. गंमत म्हणजे समोरच्याला चिडवल्यानेही ती वाढते. हात पसरून 'ये की' म्हणणं, छाती ठोकणं, गर्दीकडे बघून मिरवणं, या सगळ्याला इथे किंमत आहे. अर्थात मिरवण्याच्या नादात समोरच्याने येऊन धरलं तर फजिती ठरलेली.

ही पट्टी पूर्ण भरली की पात्र 'ब्लेझिन' अवस्थेत जातं. त्या थोड्या वेळात पकड बसली तर त्या पात्राचा खास डाव टाकता येतो. कॅमेरा जवळ जातो, वेळ संथ होतो आणि एका झटक्यात समोरच्याची बहुतेक ताकद संपते. प्रत्येक रॅपरचा खास डाव वेगळा, त्याच्या प्रतिमेला शोभेल असा.

कपडे आणि दागिनेही नुसते शोभेचे नाहीत. गेममध्ये दुकानं आहेत. तिथे साखळ्या, अंगठ्या, जॅकेट, बूट विकत घेता येतात. पात्र जितकं रुबाबदार दिसेल तितकी गर्दी त्याच्या बाजूने होते आणि पट्टी लवकर भरते. हिप-हॉपमध्ये सोन्याची जाड साखळी म्हणजे 'शून्यातून वर आलो' याची जाहीर खूण. गेमने ती खूण थेट लढाईच्या नियमात बसवली. फडात फेटा बांधून, गदा खांद्यावर घेऊन मिरवणाऱ्या पैलवानाचा रुबाब ज्यांनी बघितलाय त्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

गर्दी बघत नाही, लढते

बहुतेक फायटिंग गेम्समध्ये प्रेक्षक म्हणजे मागचं हलतं चित्र. 'फाईट फॉर एनवाय'मध्ये गर्दी लढाईचा भाग आहे. समोरच्याला कडेला ढकललं तर गर्दी त्याला धरून ठेवते आणि मारण्याची संधी देते. कधी गर्दीतूनच एखादा हातात बाटली किंवा दांडा देतो. भिंत, खांब, कठडा यांवर समोरच्याचं डोकं आपटता येतं. रेल्वे स्थानकावरच्या लढतीत तर प्रतिस्पर्ध्याला येणाऱ्या गाडीसमोर फेकता येतं.

जिंकण्याचा नियमही यामुळे बदलतो. दुसऱ्या भागात समोरच्याची ताकद शेवटच्या टप्प्यावर आणून भागत नाही. त्या टप्प्यावर एखादा मोठा, निर्णायक घाव बसावा लागतो. तो ठोसा असेल, खास डाव असेल, सबमिशन असेल किंवा भिंतीवरची आपट असेल. तोवर मार खाणारा सावरू शकतो. म्हणून हरत आलेली लढत शेवटच्या क्षणी फिरण्याची शक्यता कायम राहते. फडातही गुणांनी मागे असलेला पैलवान एका चितपटीने बाजी मारतो, तसंच हे.

ही हिंसा बरीच उघड आहे. अमेरिकेत पहिल्या भागाला किशोरवयीन मुलांसाठी चालेल असा दर्जा मिळाला होता. दुसऱ्या भागाला मात्र १७ वर्षं आणि त्यावरील वयोगटाचा दर्जा देण्यात आला. घरात लहान मुलं असतील तर हे लक्षात ठेवायला हवं.

संगीताने लढणारा तिसरा भाग

२००७ मध्ये तिसरा गेम आला, 'डेफ जॅम: आयकॉन'. या वेळी तो एकेआयकडे नव्हता. 'फाईट नाइट' हे बॉक्सिंगचे गेम करणाऱ्या ईएच्या शिकागो स्टुडिओने तो बनवला.

त्यातली कल्पना भन्नाट होती. मागे वाजणारं गाणं लढाईवर परिणाम करायचं. ठेका पडला की मैदानातल्या वस्तू हादरायच्या, पेट्रोल पंप पेटायचा, एखादी गोष्ट कोसळायची. खेळणाऱ्याने डीजेसारखी हाताची हालचाल केली की गाणं मागे-पुढे व्हायचं आणि नेमक्या क्षणी स्फोट घडवता यायचा. आपलं गाणं वाजत असेल तर आपलं पात्र जास्त ताकदवान व्हायचं. पडद्यावर तब्येतीची पट्टीही ठेवलेली नव्हती.

फडातली हलगी आठवली तर ही कल्पना परकी वाटत नाही. हलगीवाला लढतीकडे बघत वाजवतो. खडाखडी चालू असताना ठेका सावकाश, डाव लागायला आला की चढा. पैलवानाच्या अंगात तो ठेका उतरतो. लढत आणि वाद्य एकमेकांना खेचत नेतात.

तरीही 'आयकॉन' आधीच्या भागाइतका लोकांना भावला नाही. चित्रं अधिक खरी झाली, पण पकडीचं गणित सुटलं. पाच शैली गेल्या, डावांची विविधता कमी झाली, हालचाली जड झाल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ईएने शिकागोचा स्टुडिओ बंद केला. त्यानंतर डेफ जॅमच्या नावाने मारामारीचा नवा मोठा गेम आलेला नाही.

शब्दांची लढाई मुठींवर का आली?

या गेमबद्दल एक अवघड प्रश्न उरतो, तो हिप-हॉपच्या इतिहासातून येतो.

१९७० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात तरुणांच्या टोळ्यांचं राज्य होतं. १९७१ मध्ये समेट घडवायला गेलेल्या ब्लॅक बेंजी या तरुणाचा खून झाला. सूडाचं सत्र सुरू होण्याऐवजी ८ डिसेंबर १९७१ रोजी हो अव्हेन्यूवर टोळ्यांची बैठक झाली आणि तह झाला. टोळ्यांच्या हद्दी सैल झाल्या, एका गल्लीतली मुलं दुसऱ्या गल्लीतल्या पार्टीला जाऊ लागली. ११ ऑगस्ट १९७३ रोजी डीजे कूल हर्कने सेजविक अव्हेन्यूवरच्या इमारतीत केलेली पार्टी हिप-हॉपचा जन्मदिवस मानली जाते.

म्हणजे हिप-हॉपमधली 'बॅटल' रुजली ती टोळीयुद्धाने पोळलेल्या वस्तीत. चाकूऐवजी नाच आणि ठोशाऐवजी शब्द. दोघं समोरासमोर उभे राहायचे, गर्दी गोल करायची आणि निकाल टाळ्यांवर ठरायचा. महाराष्ट्रात शाहिरांचा कलगी-तुरा याच जातीचा. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणार, तुरेवाले शिवाला. डफ-तुणतुण्याच्या साथीने सवाल-जवाब रात्रभर रंगायचे आणि हरणाऱ्याचा मान जायचा, जीव नाही.

हिप-हॉपमध्ये ही हद्द नेहमी पाळली गेली नाही. सप्टेंबर १९९६ मध्ये टुपाक शकूर आणि मार्च १९९७ मध्ये नोटोरियस बी.आय.जी. हे दोन मोठे रॅपर गोळीबारात मारले गेले. दोघांमधलं वैर त्याआधी गाण्यांतून जगजाहीर झालं होतं. त्यानंतर सहाच वर्षांनी रॅपर्सना एकमेकांची हाडं मोडायला लावणारा गेम बाजारात आला. ज्या कलेने मारामारीला पर्याय दिला, तिच्या नावावर पुन्हा मारामारीच विकली गेली, हा आक्षेप म्हणूनच दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

दुसरी बाजूही आहे. गेम ही मारामारी खरी असल्याचा आव आणत नाही. सगळं भडक आणि नाटकी आहे, टीव्हीवरच्या व्यावसायिक कुस्तीसारखं. मोठमोठे रॅपर स्वतःला आपटलेलं, चिडवलेलं, हरलेलं दाखवायला तयार झाले. स्वतःच्या प्रतिमेची अशी थट्टा करून घेणं हाही बॅटलच्या परंपरेचाच भाग म्हणता येईल.

आज हा गेम कुठे मिळतो?

'फाईट फॉर एनवाय' प्लेस्टेशन २, एक्सबॉक्स आणि गेमक्यूब या जुन्या मशीनसाठी निघाला होता. २००६ मध्ये पीएसपी या हातातल्या मशीनसाठी त्याची एक आवृत्ती आली. नव्या मशीनसाठी तो नव्याने घडवून आणलेला नाही. यातली मोठी अडचण हक्कांची. साठहून अधिक पात्रांपैकी अनेक चेहरे खऱ्या कलाकारांचे आणि वाजणारी गाणीही खरी. ते सगळं पुन्हा विकायचं तर पुन्हा करार करावे लागतात. ज्या चेहऱ्यांमुळे गेम गाजला, त्यांच्यामुळेच तो परत येणं कठीण झालं. म्हणून जुन्या डिस्कला आज संग्राहकांमध्ये चांगला भाव आहे.

कुस्तीकडून आणखी काय घेता आलं असतं?

लातूर जिल्ह्याने महाराष्ट्राला मोठे पैलवान दिले. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले आणि पुढे वस्ताद म्हणून त्यांनी पिढ्या घडवल्या. याच जिल्ह्यातल्या काका पवारांच्या पुण्यातल्या तालमीत आज राज्यभरातली मुलं घडतात.

जानेवारी २०२० मध्ये पुण्याच्या बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली. एका बाजूला औसा तालुक्यातल्या टाका गावचा शैलेश शेळके, दुसऱ्या बाजूला नाशिकचा हर्षवर्धन सदगीर. दोघंही काका पवारांचे पठ्ठे. सदगीरने ३-२ अशी बाजी मारली आणि लगेच शेळकेला खांद्यावर उचलून घेतलं. हरलेला पैलवान जिंकलेल्याच्या खांद्यावर बसून मैदानात मिरवला.

'डेफ जॅम'ने कुस्तीकडून पकड घेतली, उलट डाव घेतला, शड्डू घेतला, गर्दीही घेतली. तिथे लढत संपते ती मात्र हरलेला जमिनीवर पडल्यावर. सलामीने सुरू होऊन गळाभेटीने संपणारी लढत त्या गेमच्या नियमांत कुठेच नाही. रॅप बॅटल संपल्यावर हात मिळवण्याची रीत हिप-हॉपमध्येही आहे, त्यामुळे ती शोधायला गेम बनवणाऱ्यांना फार लांब जावं लागलं नसतं.